मॉन्टेसरी शाळा बघायला जाल तेव्हा आधी तिथल्या ताया बघा

अबोलीची वेणी

नमस्कार मंडळी. अ‍ॅडमिशनचे दिवस आले की इथे "अमुक भागात चांगली मॉन्टेसरी सुचवा" असे धागे निघतात आणि खाली चर्चा होते ती फी किती, बस आहे का, सामान कुठून आणलंय, कॅमेरे आहेत का यावर. तिथे मुलासोबत दिवसाचे चार तास कोण असणारे हे फारसं कोणी विचारत नाही. म्हणून हा धागा काढतेय.

मी गेली ११ वर्षं बंगळुरूत एका मॉन्टेसरीत काम करते. मूळची मिरजेची. आमच्या खोलीत ३ ते ६ वयाची २८ मुलं एकत्र असतात, म्हणजे सगळ्यात लहान नुकतं डायपर सुटलेलं आणि सगळ्यात मोठं हजारापर्यंतचे मणी मोजणारं. घरच्या भाषा म्हणाल तर कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम, हिंदी, कोंकणी आणि यंदा तीन घरं मराठी. शाळेच्या भाषा दोन, कन्नड आणि इंग्रजी. खोलीत आम्ही मोठी माणसं तीन. दोघी ट्रेनिंग झालेल्या (इथे आम्हाला टीचर नाही, अडल्ट म्हणतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचित्रच वाटलं होतं) आणि एक मदतनीस. मुलांसाठी तिघीही अक्का. शाळा चालवतात त्या दोड्डक्का, म्हणजे मोठ्या अक्का.

आता मुद्द्याचं. बहुभाषिक शाळा असं पाटीवर लिहून काही होत नाही. लहान मुलाला भाषा माणसाकडून मिळते, तक्त्यावरून मिळत नाही. आमच्याकडे नियम आहे की एक माणूस एक भाषा. माझ्या वाट्याला इंग्रजी, माझ्या सहकारणीच्या वाट्याला कन्नड. ती जाड-बारीक ठोकळे दाखवते तेव्हा "दप्प, सण्ण" एवढंच म्हणते, मध्येच "म्हणजे थिक, थिन हं" असं जोडत नाही. मी दाखवते तेव्हा मी माझ्या भाषेत. मुलाला कळतं की या अक्कांशी असं बोलायचं आणि त्या अक्कांशी तसं, आणि साडेतीन वर्षांचं पोर एका वाक्यात तोंड वळवून भाषा बदलतं ते बघताना मला अजूनही थक्क व्हायला होतं. अपवाद एकच, रडणाऱ्या मुलाशी त्याला जी कळेल ती भाषा. तिथे नियम नाही.

एक प्रसंग सांगते. दोन वर्षांपूर्वी सोलापूरचं एक कुटुंब आलं, पद्मशाली (तेलुगू विणकर समाज), घरात आजी तेलुगू बोलणार आणि आईबाबा मराठी. मुलगी पावणेतीनची. माझी मराठी ऐकून ही खुलेल अशी मला खात्री होती, पण सात आठवडे ती एक अक्षर बोलली नाही. ना माझ्याशी, ना मुलांशी. घरी बडबडायची म्हणे. आई दर शुक्रवारी दारात उभी राहून विचारायची, आज बोलली का. आमची मदतनीस अक्का कोलारकडची, तिची घरची भाषा तेलुगू. तिला काही वेगळं सांगितलं नव्हतं. एका सकाळी ती मोरीपाशी फडकी धूत होती, ही मुलगी छोट्या जगमधून पाणी ओतायचं काम करत होती, पाणी सांडलं, आणि ती स्वतःशीच म्हणाली, "नीळ्ळु." तेलुगूत पाणी. अक्का मागे वळली नाही. फडकं पिळत पिळत तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि एक कोरडं फडकं मागे धरलं. पोरीने ते घेतलं, जमीन पुसली, फडकं वाळत घातलं, आणि मग अर्धा तास तिथेच उभं राहून बोलत राहिली. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला वही घेऊन बसले होते, मला काही लिहिता आलं नाही.

माझ्याकडे डिप्लोमा आहे. अख्खं वर्ष घालून हाताने लिहिलेले अल्बम आहेत, प्रत्येक साधन कसं दाखवायचं याची पानंच्या पानं, चित्रं काढून. त्या सकाळी कामी आली ती कोलारची तेलुगू आणि मागे वळून न बघण्याची समज.

म्हणून म्हणते, शाळा बघायला जाल तेव्हा गुलाबी मनोरा (एकावर एक रचायचे गुलाबी ठोकळे, मॉन्टेसरीचं ठरलेलं साधन) आहे का हे नंतर बघा, तो सगळीकडे असतो. ताई किती वर्षं तिथे आहेत, त्यांची घरची भाषा कोणती, मदतनीस मावशी मुलांशी बोलतात का की फक्त बाथरूमला नेतात, हेडबाई खोलीत कधी येतात आणि आल्या की काय करतात, हे बघा. तुमचे अनुभव लिहा, चांगले-वाईट दोन्ही.

रानजाई

धागा अगदी वेळेवर आला. आम्ही पुण्यात. मुलगा ३ वर्षांचा, घरी मराठी आणि नवरा हिंदीभाषक. मागच्या वर्षी एका शाळेत घातलं होतं, नाव लिहीत नाही, पाटीवर मॉन्टेसरी, ब्रोशरवर पाच भाषा. सहा महिन्यांत तीन टीचर बदलल्या. पहिली गेली तेव्हा हा चार दिवस विचारत होता ताई कुठे, दुसरी गेली तेव्हा एकच दिवस, तिसरी गेली तेव्हा विचारलंच नाही. हे मला फार लागलं. सामान सगळं होतं हो, पण काचेच्या कपाटात, पालक आले की उघडायचे. आणि पाच भाषा म्हणजे पाच भाषांतली गुड मॉर्निंगची गाणी. आम्ही काढून घेतलं. आता नवीन शोधतोय पण भीती बसलीय, नेमकं विचारायचं काय?

भीमथडी

विषय चांगला आहे पण दोन शंका, राग मानू नये. एक, मॉन्टेसरी हे पैसेवाल्यांचं प्रकरण नाही का, महागडी लाकडी खेळणी आणि महागडी फी. दोन, तीन वर्षांच्या पोरावर तीन तीन भाषा कशाला. आमच्या पुतण्याचं असंच झालं, उशिरा बोलायला लागला, डॉक्टर म्हणाले घरात एकच भाषा बोला.

अबोलीची वेणी

@रानजाई, "विचारलंच नाही" हे वाचून पोटात तुटलं. खाली सविस्तर लिहिते.

@भीमथडी, राग कसला, दोन्ही शंका दर वर्षी पालकसभेत येतात. भाषेचं आधी. दोन-तीन भाषांत वाढल्यामुळे मूल मुकं राहत नाही. सुरुवातीला शब्द मिसळतं, नवीन ठिकाणी काही आठवडे, कधी काही महिनेही गप्प राहतं, पण त्या काळात ते ऐकत असतं. खरंच उशीर होत असेल तर तो घरच्या भाषेतही दिसतो, आणि मग कान तपासून घ्यायचे, स्पीच थेरपिस्टला दाखवायचं, घरची भाषा बंद करायची नाही. पुतण्याचं मी पाहिलेलं नाही म्हणून त्याच्याबद्दल काही म्हणत नाही, पण आजीची भाषा तोडली की मुलाची आजीच तुटते, हे मी दोन घरांत डोळ्यांनी पाहिलंय.

पैशांचं म्हणाल तर सुरुवात अगदी उलटी आहे. ६ जानेवारी १९०७ ला रोममध्ये सान लोरेन्झो भागात पहिलं बालघर उघडलं ते कामगारांच्या वस्तीत. आईबाप दिवसभर कामावर, पोरं जिने आणि भिंती खराब करत फिरायची, म्हणून इमारतवाल्यांनी ही पद्धत काढणाऱ्या मारिया मॉन्टेसरींना बोलावलं. आणि पन्नासच्या वर मुलं सांभाळायला बाईंनी कोणाला घेतलं, तर त्याच इमारतीच्या रखवालदाराच्या मुलीला. शिक्षिकेचं ट्रेनिंग नसलेली. तिला "मी शिकवतेय" ही सवयच नव्हती, आणि मला वाटतं त्याचाच फायदा झाला.

चिकूची वाडी

भीमथडी, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्या गावाकडे आहे. मी बोर्डीजवळची. ताराबाई मोडक आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर दक्षिणामूर्तीच्या बालमंदिरात काम करत होत्या, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला, पुढे मुंबईत दादरला शिशुविहार. एवढं सगळं उभं करून बाई १९४५ ला बोर्डीला आल्या, कारण शहरातलं बालशिक्षण खेड्यात कसं न्यायचं हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. अनुताई वाघ तेव्हाच त्यांच्याबरोबर आल्या. पुण्यात हुजूरपागेत शिकवणारी बाई, लहानपणी लग्न, लगेच वैधव्य, स्वतःच्या हिमतीवर शिकलेली.

इथे महागडी साधनं परवडणार नव्हती, मग शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, बांबू. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे सगळं त्यातून. चिंचोके मोजायला लाकडी मणी लागत नाहीत. आणि मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच उठून पाड्यावर गेली, कोणाच्या तरी अंगणात. त्यातून अंगणवाडी हा शब्द रुळला जो १९७५ पासून अख्ख्या देशात सरकारी योजनेचा झाला. १९५७ ला सगळं काम कोसबादच्या टेकडीवर हललं. तिथली मुलं वारली, घरची बोली वारली, पुस्तकातली मराठी त्यांना परकीच. आसपास गुजरातीही चालते, डहाणू तलासरीकडे बाजारात उभे राहिलात तर कळेल. म्हणजे बहुभाषिक शाळा ही काही बंगळुरू-पुण्याची नवी गोष्ट नाही.

माझी मोठी आत्या पाड्यावरच्या बालवाडीत ताई होती. ती सांगायची, अंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं यात सकाळ जायची आणि त्याच वेळात तिने वारली शिकून घेतली. पोराच्या डोक्यातल्या उवा काढताना ते पोर जितकं बोलतं तितकं गोष्ट सांगा म्हटल्यावर बोलत नाही.

चाफेकळी

चिकूची वाडी, प्रतिसाद जपून ठेवला. +१००.

मी सांगली भागात छोटं बालघर चालवते, ४० मुलं, म्हणजे हेडबाई, हिशेबनीस आणि कधीकधी रिक्षावाल्या काकांची बदली मीच. दुसरी बाजू सांगते. ताया का सोडून जातात, तर पगार. शहरात ट्रेनिंग झालेल्या मुलीला पहिलीच्या वर्गावर जास्त मिळतात आणि वर तिथे तिला "टीचर" म्हणतात, इकडे नातेवाईक विचारतात अजून बालवाडीतच का. मी फी वाढवली तर पालक जातात, नाही वाढवली तर ताई जातात. चार वर्षांपूर्वी मी ठरवलं की नवीन साधनं घ्यायची नाहीत, गॅदरिंगला मांडव-लाऊडस्पीकर नाही, ते पैसे पगारात. तेव्हापासून दोघींपैकी एकही गेलेली नाही. भिंतीचा रंग उडालाय, पालकांना दिसतो, मी सांगते की यंदाही उडालेलाच राहणार.

हेडचं मुख्य काम माझ्या मते दारात उभं राहणं. सकाळचे ते तीन तास मुलांचे, त्यात वाढदिवसाचा केक नको, डान्सची प्रॅक्टिस नको, फोटोग्राफर नको, "दोनच मिनिटं बघते" म्हणणारी आई नको. हे सगळं बाहेर थोपवायचं म्हणजे आत ताईला शांतपणे काम करता येतं.

अबोलीची वेणी

चाफेकळी, दारात उभं राहणं, अगदी अगदी. आमच्या दोड्डक्का आठवड्यातून एकदा खोलीत येतात, कोपऱ्यात जमिनीवर बसतात, तासभर एक शब्द नाही. पहिल्या वर्षी माझे हात थरथरायचे. संध्याकाळी बोलावून एकच गोष्ट सांगायच्या, दोन नाही. एकदा म्हणाल्या, तू आज त्या मुलाला नऊ वेळा "व्हेरी गुड" म्हणालीस, नवव्यांदा त्याने कामाकडे बघितलंच नाही, तुझ्याकडे बघितलं. बास. ते वाक्य मला पुढे कित्येक महिने पुरलं. ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं नव्हतं असं नाही, शिकवलं होतं, पण शिकवणं वेगळं आणि कोणीतरी तासभर बसून मोजणं वेगळं.

अवांतर पण सांगावंसं वाटतं. १९३९ ला मॉन्टेसरीबाई भारतात आल्या, मद्रासला अड्यारला, थिऑसॉफिकल सोसायटीच्या बोलावण्यावरून. थोड्या काळासाठी आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत राहिल्या. पहिल्या कोर्सला सुमारे ३०० जण होते, देशाच्या कुठल्या कुठल्या भागातले. बाई इटालियनमध्ये बोलायच्या आणि मुलगा मारिओ इंग्रजी करून सांगायचा. ऐकणारे घरी जाऊन ते आपापल्या भाषेत न्यायचे. म्हणजे बाईंकडून आपल्याकडे जे आलं ते मुळी तीन भाषांतून. इटली युद्धात उतरल्यावर मारिओला शत्रूदेशाचा नागरिक म्हणून पकडून आपल्या अहमदनगरला ठेवलं होतं, आणि ३१ ऑगस्ट १९४० ला, बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला सोडलं. नगरकरांनी हे लक्षात ठेवावं.

निवडुंग

पहिल्यांदाच लिहितेय इथे. माझी आई २२ वर्षं अंगणवाडीत मदतनीस होती, मराठवाड्यात. सेविका नव्हे मदतनीस. पगार नाही म्हणायचं त्याला, मानधन म्हणतात. पोरांना घरून आणायची, खिचडी शिजवायची, झाडायची, हागणं-मुतणं सगळं तिने काढलं. तांड्यावरची पोरं यायची, घरी गोरमाटी बोलणारी, मराठी कळायची नाही, आई कुठून कुठून त्यांचे शब्द गोळा करून बोलायची. भेट द्यायला साहेब लोक आले की तिला स्वयंपाकाच्या खोलीत पाठवायचे. अबोलीताई, तुमच्या कोलारच्या अक्कांचं वाचलं आणि आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाईला म्हणावं बरोबर लिवलं.

अबोलीची वेणी

निवडुंग, आईंना माझा नमस्कार सांगा. आमच्या अक्कांनाही तुमचा प्रतिसाद कन्नडात करून सांगितला, त्या काही बोलल्या नाहीत, पदराने तोंड पुसलं आणि आईंचं नाव काय विचारलं. नाव इथे लिहू नका, मला मेसेज करा.

कालव्याकाठी

आम्ही अ‍ॅमस्टरडॅमला असतो. मुलीच्या मॉन्टेसरीत डच आणि इंग्रजी, दोन ताया, प्रत्येकीची एक भाषा, अबोली लिहितात तसंच. पहिल्या भेटीत हेडबाईंनी मला विचारलं, घरी काय बोलता. मी जरा अपराधी आवाजात म्हटलं मराठी, पण आम्ही डच सुरू करू. त्या म्हणाल्या कृपा करून करू नका, तुमचं डच मोडकं आहे, ते तिला देऊ नका, तुमचं मराठी पूर्ण आहे, ते द्या. घरी येऊन नवऱ्याला सांगताना रडले.

एक प्रश्न. मराठी लिहाय-वाचायला घरी शिकवायचंय, मॉन्टेसरी पद्धतीने. खरखरीत कागदाची अक्षरं मी स्वतः कापली. पण वेलांटीशी अडलंय. मुलगी चिमणी लिहिताना पहिली वेलांटी च च्या नंतर ठेवते.

अबोलीची वेणी

कालव्याकाठी, तुमची मुलगी बरोबर ऐकतेय! आधी च् ऐकू येतो, मग इ. जसं ऐकू आलं तसं ती ठेवते. आपल्या लिपीत मात्र ऱ्हस्व वेलांटी डावीकडे जाऊन बसते. कन्नडात हा त्रास नाही, तिथे इकार अक्षराच्या डोक्यावर. तेव्हा लगेच "चूक" म्हणू नका. सुट्या अक्षरांचं काम हे आवाज जोडायचं, शुद्धलेखनाचं नाही. काही दिवस जाऊ द्या, मग वेगळ्या वेळी, आधीचं काही न काढता, नुसता चि घेऊन बसा, "ही वेलांटी इथून येते" म्हणून बोटाने फिरवून दाखवा. स्वर निळ्या रंगात आणि व्यंजनं लाल किंवा गुलाबी केलीत तर मात्रा आणि वेलांट्याही निळ्याच ठेवा, म्हणजे हा इ-चाच भाऊ आहे हे तिला सांगावं लागत नाही. जोडाक्षरं फार नंतर.

आणि आणखी एक, आपले च दोन. चाकातला वेगळा, चहातला वेगळा. हिंदीभाषक ताईंनी मराठी मुलाला च दिला तर फक्त चहातला मिळतो. आमच्याकडे एका चार वर्षांच्या मुलाने पाहुण्या ताईंना थांबवून सांगितलं होतं, "हा च चाकाला चालत नाही." त्या ताई मुळातच मोठ्या मनाच्या, त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, मला शिकव. सहा-सात वेळा म्हणून घेतलं त्याने त्यांच्याकडून. मला विचाराल तर त्या एका गोष्टीवर मी त्यांना नोकरी दिली असती.

@रानजाई, आता तुमचं. फोनवर काही विचारू नका, सकाळी ९ ला जा आणि तासभर मागे बसू द्या म्हणा. पालकांना आधी ठरवून, गप्प बसायच्या अटीवर बसू देतात का, की नुसतं फिरवून आणतात, इथेच बरंच कळतं. बसलात की मुलांकडे कमी, ताईंकडे जास्त बघा. मुलाशी बोलताना खाली बसतात का. खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारतात का, ते मला आवडत नाही. काही सांडलं की पहिलं कोण धावतं, मोठं की मूल. एकमेकींशी ताया कोणत्या भाषेत आणि कोणत्या सुरात बोलतात. मदतनीस मावशींना मुलं काय म्हणून हाक मारतात. मग हेडबाईंना दोनच प्रश्न, गेल्या तीन वर्षांत किती ताया सोडून गेल्या आणि नवीन ताई आल्यावर मुलांशी तिची ओळख कशी करून देता. पहिल्याचं उत्तर द्यायला अवघड वाटलं तरी खरं देतील त्या चांगल्या. शून्यच म्हणाल्या पाहिजेत असं नाही, माणसं जातात, लग्नं होतात, गावं बदलतात. जाताना मुलांना सांगून जातात ना, ते विचारा.

भीमथडी

अबोलीताई, चिकूची वाडी, दोघींचे आभार. शंका होती, ती बरीच फिटली. पुतण्याच्या आईला धागा पाठवलाय. आजीला परत त्याच्याशी अहिराणीत बोलू देतायत.

रानजाई

अपडेट द्यायला आले. चार शाळा पाहिल्या. दोघींनी बसू दिलं नाही. तिसरीत बसू दिलं पण अर्ध्या तासात ताई सहा वेळा माझ्याकडे बघून हसल्या. चौथी लहान आहे, जुन्या बंगल्यात, अंगणात जांभळाचं झाड. मला एका बुटक्या खुर्चीवर बसवलं आणि पुढे पाऊण तास कोणी ढुंकून पाहिलं नाही. एका मुलाच्या हातून काचेचा पेला फुटला. खोली एकदम गप्प झाली. ताई उठल्या, हळूच म्हणाल्या "सगळे जागेवर थांबा", मावशी झाडू घेऊन आल्या, काचा मोठ्यांनी उचलल्या, आणि मग त्या मुलाच्या हातात छोटा ब्रश दिला कोपरा पुसायला. कोणी ओरडलं नाही. पाच मिनिटांत तो दुसरा पेला घेऊन परत ओतायला बसला. काचेचाच.

हेडबाईंना तुमचे दोन प्रश्न विचारले. म्हणाल्या दोन गेल्या, एकीला मी थांबवू शकले असते, माझं चुकलं. हिंदी एका ताईंची घरचीच आहे, मूळच्या इंदूरच्या, म्हणजे नवऱ्याची भाषाही तिथे आहे. जूनपासून घालतोय.

एक राहिलं, डब्यात काय द्यायचं? म्हणाल्या साधंच द्या, एवढंच.

अबोलीची वेणी

वाचून फार बरं वाटलं. डब्यात त्याला स्वतःला सोलता येईल असं द्या. केळं, मोसंबी, उकडलेला बटाटा, शेंगा. घरून कापून देऊ नका, सुरी तिथे असेल. आणि पहिल्या आठवड्यात डबा अर्धा परत आला तर काळजी नको, तो बाकीच्यांचे डबे बघत असणार.